नगर कसे वाचावे?
(भूमीचा उपयोग आणि महामाहिती यांविषयी एक पाठ)



भूगोलाच्या नकाशात नगर म्हणजे एक काळा ठिपका. लहान नगराचा ठिपका लहान, मोठ्या नगराचा मोठा, एवढाच काय तो भेद. परंतु त्या ठिपक्याच्या पोटात काय काय दडलेले असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. एका बाजूस बाजारपेठ, दुसरीकडे कारखाने, कोठे कचेऱ्या, कोठे शाळा व प्रार्थनामंदिरे, कोठे मोकळी मैदाने, आणि या सर्वांच्या अधूनमधून माणसांची घरे. कोणती गोष्ट कोठे आहे, ती तेथेच का आहे, आणि तिचा दुसरीशी संबंध काय, या तीन प्रश्नांस मिळून नगराच्या रचनेचा अभ्यास असे म्हणतात. जमिनीचा कोणता तुकडा कोणत्या कामी लागला आहे, यास भूमीचा उपयोग म्हणतात. या दोन गोष्टी समजण्यासाठी विद्वानांनी पूर्वी कोणती साधने वापरली, आज कोणती वापरतात, आणि त्या साधनांवर विश्वास किती ठेवावा, हे या पाठात पाहावयाचे आम्ही योजिले आहे. विषय नवा वाटला तरी त्याच्या आरंभीच्या इतिहासात शाळेचा व शाळकरी मुलांचा वाटा मोठा आहे, हे वाचून आमच्या वाचकांस आनंद वाटेल.

१. घरोघरची मोजणी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन हे जगातील सर्वांत मोठे नगर होते. त्या नगरात खरोखर दरिद्री लोक किती व ते राहतात कोठे, याविषयी वाद पुष्कळ होत. पण खात्रीलायक माहिती कोणापाशी नव्हती. चार्ल्स बूथ नावाच्या एका धनिक व्यापाऱ्याने १८८६ साली हे काम स्वखर्चाने अंगावर घेतले. लक्षावधी कुटुंबांची माहिती मिळवावी कशी? बूथने एक युक्ती योजिली. मुले शाळेत येतात की नाही हे पाहण्यासाठी लंडनच्या शाळा-मंडळाचे निरीक्षक घरोघर फिरत असत. कोणत्या घरात मुले किती, बाप काय काम करतो, घरात किती खोल्या, हे त्यांच्या वह्यांत टिपलेले असे. बूथच्या साहाय्यकांनी या निरीक्षकांस जवळ बसवून रस्त्यामागून रस्ता विचारून घेतला.

त्या माहितीवरून बूथने नकाशा तयार केला व १८८९ साली तो प्रसिद्ध होऊ लागला. त्यात प्रत्येक रस्त्यास तेथील राहणीप्रमाणे सात रंगांपैकी एक रंग दिलेला होता. अगदी हलाखीच्या वस्तीस काळा, तेथून निळ्या, जांभळ्या, गुलाबी व तांबड्या रंगांच्या पायऱ्यांनी वर चढत श्रीमंतांच्या वस्तीस पिवळा. नगरातील शेकडा तीसहून अधिक लोक दारिद्र्यात आहेत, असा त्याचा निष्कर्ष निघाला. परंतु आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट नकाशाने दाखविली. ती अशी, की एखाद्या पिवळ्या किंवा तांबड्या हमरस्त्याच्या मागेच काळी गल्ली असू शकते. रस्त्याने गाडीतून जाणाऱ्यास ती दिसत नाही. नकाशावर मात्र ती लपत नाही.

२. मुलांनी रंगविलेला देश

दुसरे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांस अधिक जवळचे वाटेल. लंडन येथील अर्थशास्त्राच्या महाविद्यालयात डडली स्टॅम्प या नावाचे भूगोलाचे अध्यापक होते. ब्रिटनमधील जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणत्या उपयोगात आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहून नकाशावर उतरवावे, असा संकल्प त्यांनी १९३० साली केला. पगारी माणसे नेमण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी देशभरच्या शाळांस हाक दिली. शिक्षक व विद्यार्थी, एका मैलास सहा इंच अशा प्रमाणाचे मोठे नकाशे हाती घेऊन शेतांतून, माळांवरून व वस्त्यांमधून हिंडले आणि प्रत्येक तुकड्यावर एकेक अक्षर लिहीत गेले. नांगराची जमीन, कुरण, वन, माळरान, बाग, आणि शेतीस निरुपयोगी झालेली जमीन, असे सहाच वर्ग होते. पुढे त्यांस रंग दिले गेले. नांगरटीस तपकिरी, कुरणास फिका हिरवा, वनास गडद हिरवा, माळास पिवळा, बागांस व बागा असलेल्या घरांस जांभळा, आणि इमारतींनी व्यापलेल्या जमिनीस तांबडा. चार-पाच वर्षांत या कामाचा बहुतेक भाग पुरा झाला.

मुलांचा खेळ म्हणून त्या वेळी काहींनी त्याकडे पाहिले असेल. पण १९३९ साली महायुद्ध सुरू झाले. समुद्रमार्गे येणारे धान्य संकटात सापडले आणि कोणते कुरण नांगरून धान्य काढता येईल, हा प्रश्न राष्ट्रापुढे उभा राहिला. तेव्हा हेच नकाशे उपयोगी पडले. शाळकरी मुलाने प्रामाणिकपणे लिहिलेले एक अक्षर देशाच्या अन्नाच्या कामी आले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात धरण्याजोगी आहे.

तथापि या नकाशांत एक उणीव होती. ते शेतीच्या दृष्टीने केलेले असल्यामुळे घनदाट नगर म्हणजे केवळ एक तांबडा डाग होता. त्या तांबड्या डागाच्या आत बाजार कोणता, कारखाना कोणता, हे त्यातून कळत नसे.

३. नगराच्या आकृती

नगराच्या पोटातील व्यवस्था शोधण्याचे काम त्याच सुमारास अमेरिकेत चालले होते. शिकागोच्या अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२५ साली असे मांडले, की नगर हे पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखे वाढते. मध्ये व्यापार, त्याभोवती मोडकळीस येत चाललेली संमिश्र वस्ती, मग कामकऱ्यांची घरे, मग सुखवस्तूंची, आणि शेवटी रोज ये-जा करणाऱ्यांची उपनगरे. होमर हॉइट यांनी १४२ अमेरिकन नगरांतील घरभाड्याचे आकडे तपासून १९३९ साली निराळे मत दिले. त्यांच्या मते एकाच प्रकारची वस्ती वलयात न पसरता, कापलेल्या कलिंगडाच्या फोडीप्रमाणे, एखाद्या रस्त्याच्या वा लोहमार्गाच्या कडेने बाहेर सरकत जाते. पुढे १९४५ साली हॅरिस व उलमन यांनी दाखविले, की मोठ्या नगरास एकच मध्य नसतो. बंदर, बाजार, विद्यालय, कारखाना अशी अनेक केंद्रे असतात व प्रत्येकाभोवती निराळी वस्ती जमते.

ही तिन्ही मते उपयुक्त आहेत. परंतु तिन्हींत विचार मुख्यतः स्थिर वस्त्यांचा होता, आणि घर हलत नाही. माणूस मात्र हलतो. सकाळी तो एका ठिकाणी, दुपारी दुसऱ्या ठिकाणी व रात्री तिसऱ्या ठिकाणी असतो. हालत्या नगराचे चित्र काढण्यास साधन नव्हते. ते साधन आता लाभले आहे.

४. महामाहिती म्हणजे काय?

आज आपण नकळत किती खुणा मागे ठेवतो पाहा. मोबाईल फोन जवळच्या मनोऱ्याशी सतत संपर्क ठेवतो. कोणता फोन कोणत्या वेळी कोणत्या मनोऱ्याच्या टापूत होता, याची नोंद होते. भाड्याच्या मोटारीतील यंत्र आपले स्थान क्षणोक्षणी कळविते. आगगाडीच्या फाटकावर कार्ड टेकविले की स्थानक व वेळ लिहिली जाते. आकाशातील उपग्रह ठरावीक दिवसांनी त्याच भूमीचे पुन्हा पुन्हा चित्र घेतात. अशा कोट्यवधी नोंदींचा जो ढीग आपोआप जमतो, त्यास बिग डेटा म्हणतात. आम्ही त्यास महामाहिती म्हणू. जनगणनेत आणि हिच्यात भेद असा, की जनगणना प्रश्न विचारून, मुद्दाम, दहा वर्षांनी एकदा केली जाते; महामाहिती न विचारता, दुसऱ्याच कामासाठी, प्रत्येक क्षणी गोळा होते. जनगणनेस विलंब लागतो हे आपण अनुभविलेच आहे. भारतात २०११ नंतरची गणना २०२१ साली व्हावयाची होती, ती महामारीमुळे लांबली. मधल्या काळात नगरे मात्र थांबून राहिली नाहीत.

उपग्रहाचे काम कसे चालते, हे थोडक्यात सांगतो. लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ साली सुटला. या मालिकेतील पुढील उपग्रहांच्या चित्रात जमिनीचा सुमारे तीस मीटर लांब व तितकाच रुंद तुकडा हा एक ठिपका असतो. हिरवे पान डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण पुष्कळ परतवते. पाणी ते शोषून घेते. काँक्रीट व माती यांची रीत आणखी निराळी. या भेदावरून शेत, तळे व बांधलेली वस्ती ओळखता येते. २००८ साली या चित्रांचा संग्रह सर्वांस विनामूल्य खुला झाला, तेव्हापासून कोणते नगर किती व कोणत्या दिशेने पसरले हे कोणाही अभ्यासकास वर्षानुवर्षे ताडून पाहता येते.

पण येथे एक भेद ध्यानात ठेवावा. उपग्रहास भूमीचे आच्छादन दिसते, उपयोग दिसत नाही. वरून छप्पर दिसते. छपराखाली शाळा भरते की यंत्रे चालतात, हे छप्पर सांगत नाही. ते माणसांच्या हालचालीवरून ताडावे लागते.

५. लंडनची एक परीक्षा

हे कसे साधते, याचे उदाहरण पुन्हा लंडनचेच घेऊ. तेथे २००३ सालापासून प्रवासासाठी ऑयस्टर नावाचे कार्ड वापरात आहे. भुयारी गाडीत जाताना ते फाटकावर एकदा टेकवावयाचे व बाहेर पडताना पुन्हा एकदा. मायकेल बॅटी आदी चार अभ्यासकांनी २००८ सालच्या एका आठवड्यातील या नोंदी तपासल्या. वीस लक्षांवर कार्डे आणि एक कोटी दहा लक्षांहून अधिक प्रवास, एवढी ती सामग्री होती. १८८६ साली बूथला जे काम वर्षानुवर्षे चालवावे लागले, तेवढ्याच विस्ताराची नोंद येथे सात दिवसांत आपोआप जमली होती.

आता नोंदीवरून उपयोग कसा ओळखावा? आपण स्वतः विचार करून पाहा. एका स्थानकात सकाळी माणसे आत शिरतात व सायंकाळी बाहेर पडतात; तेथे घरे असली पाहिजेत. दुसऱ्यात सकाळी बाहेर पडतात व सायंकाळी आत शिरतात. तेथे कामाच्या जागा आहेत. हेच स्थानक रविवारी सुने असेल, तर त्या कचेऱ्या समजाव्या. तिसऱ्यात सायंकाळी गर्दी उतरते व रात्री उशिरा परतते. तेथे नाटकगृहे व उपाहारगृहे असावीत. अशा रीतीने प्रत्येक स्थानकास जणू एक नाडी असते, आणि ती नाडी पाहून त्या भागाची प्रकृती सांगता येते.

या अभ्यासकांनी २०११ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो असा, की लंडनला एकच मध्य नाही. थोडी मोठी केंद्रे आहेत. त्यांच्याकडे गर्दीचे मोठे लोंढे वाहतात. पण हे लोंढे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि प्रत्येक केंद्र निराळ्या भागांतून माणसे ओढून घेते. हॅरिस व उलमन यांनी १९४५ साली जे मत मांडले होते, त्याच्याशी जुळणारी रचना एक कोटी प्रवासांच्या नोंदींतून दिसून आली.

६. न दिसणारी माणसे

इतके वाचून कोणी म्हणेल, आता पायी हिंडण्याची गरज उरली नाही. यंत्र सर्व काही सांगते. हा भ्रम आहे, आणि तो दूर करणे हाच या पाठाचा मुख्य हेतू होय.

पहिली गोष्ट अशी, की खूण न ठेवणारा माणूस महामाहितीत नसतोच. लंडनमध्ये बसचे भाडे भुयारी गाडीपेक्षा कमी. म्हणून ज्याच्या हाती पैसा थोडा, तो बसने जातो. परंतु बसमध्ये चढताना मात्र कार्ड टेकवावे लागते, उतरताना नाही. म्हणजे तो कोठून निघाला हे कळते, कोठे पोहोचला हे नोंदीत उतरत नाही. मुंबईच्या लोकल गाड्यांस तर ही रीत लागूच पडत नाही. तेथील स्थानकांवर प्रत्येकास अडविणारी फाटके नाहीत, आणि महिन्याचा पास एकदा काढला की पुढील प्रवासांची रोज नोंद होत नाही. एका नगरात सिद्ध झालेली रीत दुसऱ्या नगरात डोळे मिटून लावणे म्हणूनच योग्य नव्हे.

या बाबतीत आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. तो आमच्या अभिमानाचा नाही, पण शिकवणुकीचा आहे. स्टॅम्प यांच्या उदाहरणाने स्फूर्ती घेऊन आम्ही एका वर्गाकडून शाळेच्या फाटकापासून एस. टी. स्थानकापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा करविला. मुले शाळा सुटल्यावर, दुपारी चार वाजता, वह्या घेऊन निघाली. घरे, दुकाने, दवाखाना, पिठाची गिरणी, सर्व काही नीट रंगविले. वाटेत एक मोकळा तुकडा होता. त्यास मुलांनी ‘पडीक’ असे लिहिले. उपग्रहाच्या चित्रातही तो मोकळाच दिसला, म्हणून आमची खात्री पटली. नकाशा स्नेहसंमेलनाच्या दिवशी सभागृहात लाविला. पालकांपैकी एक बाई त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग आम्हांस म्हणाल्या, “सर, पोरांनी नकाशा लई छान काढलाय. पण माझी जागा कुठं आहे ह्यात?”

त्या बाई त्याच मोकळ्या तुकड्यावर रोज पहाटेपासून नऊ वाजेपर्यंत भाजी विकतात. त्यांच्यासारखे आणखी पुष्कळ जण तेथे बसतात. दहा वाजता सर्व उचलून नेतात व जागा झाडून ठेवतात. त्यांचा मुलगा नकाशा करणाऱ्या तुकडीतच होता. “अरे, तू का सांगितले नाहीस?” असे आम्ही त्यास विचारिले. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, आपण गेलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं.”

या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. मुलाने खोटे काही सांगितले नव्हते. चूक आमच्या वेळेची होती, आणि एका वेळी दिसलेले तेच सर्व काळचे सत्य मानण्याच्या आमच्या घाईची होती. पुढील आठवड्यात आम्ही पहाटे सहाला, दुपारी व सायंकाळी, असे तीनदा तेथे गेलो. पहाटे बाजार, दुपारी रिक्षांचा विसावा, सायंकाळी मुलांचा क्रिकेटचा खेळ. ज्यास आम्ही पडीक म्हटले, तो त्या रस्त्यावरील सर्वांत अधिक उपयोगात असलेला तुकडा निघाला. आमचा नकाशा भिंतीवरच राहिला, म्हणून हानी झाली नाही. पण असाच नकाशा समोर ठेवून जर कोणी तेथे इमारत बांधावयाचे ठरविले असते, तर कित्येक घरांची चूल एका चुकीच्या शब्दापायी विझली असती.

दुसरी गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. महामाहितीतून नावे काढून टाकली की माणूस ओळखू येत नाही, अशी समजूत आहे. ती पुरती खरी नाही. एका लहान युरोपीय देशातील पंधरा लक्ष लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाईल नोंदी अभ्यासकांनी तपासल्या व २०१३ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. माणूस कोणत्या वेळी कोठे होता, अशा केवळ चार खुणा हाती असल्या, तर शेकडा पंचाण्णव माणसे गर्दीतून वेगळी काढता येतात, असे त्यांस आढळले. आपले घर, आपली शाळा, आपला दवाखाना, आपले प्रार्थनास्थान, या फेरीत आपले सारे जीवन लिहिलेले असते. ते कोणाच्या हाती द्यावे व कोणत्या कामासाठी, याचा विचार प्रत्येक घरात झाला पाहिजे.

तिसरी गोष्ट अशी, की महामाहिती जे आहे ते दाखविते. काय असावे हे सांगत नाही. एखाद्या वस्तीतून रुग्णालयाकडे कोणी जात नाही असे नोंदीत दिसले, तर तेथील लोक निरोगी आहेत, की रुग्णालय दूर व गाडीभाडे परवडत नाही, हे आकडा बोलत नाही. ते त्या घरी जाऊन विचारावे लागते.

७. तात्पर्य

बूथपाशी निरीक्षकांच्या वह्या होत्या, स्टॅम्प यांच्यापाशी मुलांचे पाय होते, आजच्या अभ्यासकापाशी कोट्यवधी नोंदी आहेत. साधने बदलली; परंतु प्रश्न तोच राहिला आहे. या भूमीवर कोण राहतो, कोण राबतो, आणि आमच्या नकाशात त्यास स्थान आहे काय? दूरवरचे पाहावयास यंत्रासारखे साधन नाही, जवळचे पाहावयास पायांसारखे नाही. दोन्हींचा मेळ घालील तोच नगर नीट वाचील.

विद्यार्थ्यांसाठी पुढील सुटीचा अभ्यास:

(१) आपल्या घराजवळील एकच रस्ता घ्यावा. त्यावरील प्रत्येक जागेचा उपयोग सकाळी, दुपारी व रात्री असा तीन वेळा पाहून लिहावा. आठवड्याच्या बाजाराचा दिवस वगळू नये.

(२) त्याच रस्त्याचे उपग्रहाने घेतलेले चित्र वडील माणसांच्या साहाय्याने पाहावे आणि चित्रात न दिसणाऱ्या पाच गोष्टींची यादी करावी.

(३) घरातील आजी-आजोबांस विचारून, त्यांच्या लहानपणी त्या जागांवर काय होते, हे तिसऱ्या रकान्यात लिहावे.

(४) नकाशा पुरा झाल्यावर तो त्या रस्त्यावरील लोकांस दाखवावा आणि विचारावे, “यात आपली जागा आहे ना?” हा शेवटचा प्रश्न कोणीही गाळू नये.

असे नकाशे शाळा उघडल्यावर आमच्याकडे आणून द्यावेत. पुढील स्नेहसंमेलनात सभागृहाची भिंत त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे, आणि गेल्या खेपेचा तो नकाशाही, दुरुस्त करून, त्यांच्या शेजारी लाविला जाईल.